अळी हातावर घेण्याचा जाहीर कार्यक्रम

"अळी? अहो ताई, अळीला काय घाबरायचं! अळी म्हणजे तुमच्या भाजीचं प्रशस्तिपत्रक आहे, प्रशस्तिपत्रक! अळीला जी भाजी चालते, ती माणसानं डोळे मिटून खावी!"

हे बोलताना मलमदादाचा आवाज असा काही लागायचा, की पलीकडची ताई, जिने घटकाभरापूर्वी 'तुम्हाला कोर्टात खेचते' अशी गर्जना केलेली असायची, तीच शेवटी 'बरं, तुम्ही जेवलात का?' असं विचारून फोन ठेवायची. मलमदादा हे त्याचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. कुणी पोळलेलं, भाजलेलं गिऱ्हाईक आलं की ते याच्याकडे धाडायचं, हा बोलून मलम लावणार! त्यालाही ते नाव मनापासून आवडायचं.

ऑफिस म्हणजे भाजीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. खाली ट्रक लागायचे, क्रेट उतरायचे, भाजी धुवून पिशव्यांत भरून घरोघरी जायची. वर फोन वाजायचे. पूर्वी ते बेतानं वाजत. मग एके दिवशी मालकीणबाईंनी ठरवलं, की यापुढे आपण फवारणी न केलेलीच भाजी विकायची. बाईंचा हेतू अगदी सोन्यासारखा! पण ही बातमी गिऱ्हाइकांच्या आधी किड्यांना कळली. कॉलीफ्लॉवरात हिरवी अळी, मटारात बारीक पांढरी, वांग्यात गुलाबी, आणि मक्याच्या कणसात तर भाडेकरू असल्यासारखी ऐसपैस पसरलेली. मलमदादाला पाणी प्यायला सवड मिळेना. तो मात्र खुशीत होता. दिवसभर अळीची बाजू लढवून लढवून त्याचा आवाज आणखीनच मधाळ झाला होता.

आता आवाज खाली आणून सांगण्याची गोष्ट. या माणसाला अळीची भयंकर किळस होती. नुसती किळस नाही, भीती! घरात भाजीची पिशवी आली की हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि दार ओढून घ्यायचा. आतून बायकोचा "झालं रे!" असा आवाज येईपर्यंत तो समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत असे. सफरचंद तो अख्खं कधीच चावत नसे. आधी बायको त्याचे चार भाग करून, बिया काढून, बशी पुढे ठेवायची. एकदा ताटातल्या जिऱ्याचा दाणा पंख्याच्या वाऱ्यानं हलला, तर हा ताट टाकून जिन्यात गेला होता.

आणि बायको? काय सांगावं तिच्याबद्दल! मोटार शिकवायच्या शाळेत ती मास्तरीण. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसायचं. समोरून बस येतेय, शिकणाऱ्यानं डोळे मिटलेत, हात सोडलेत, आणि ही शांतपणे म्हणतेय, "छान. आता जरा डावीकडे." तिच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक असतो, तेवढ्या भरवशावर सगळा संसार! मलमदादा स्वतः तिच्याचकडे गाडी शिकला होता. शिकला म्हणजे काय, दोन झाडं आणि एक टपरी यांच्यावर जाता जाता राहिला. तिच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली नव्हती. तेव्हाच त्यानं ठरवलं, की लग्न करायचं तर हिच्याशीच.

अशी बाई मटार सोलायला बसली की बघत राहावं. लांबून, गॅलरीच्या दाराच्या फटीतून, अर्थात! शेंग उघडायची, आत डोकावायची, अळी दिसली की तर्जनीनं टिचकी मारून वाटीत टाकायची. चेहरा? वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा असतो तसा. मलमदादाला तिचा केवढा अभिमान होता! अळीबद्दलची जी सगळी शूर वाक्यं तो फोनवर फेकायचा, ती तिच्या जिवावर फेकायचा.

पण नुसत्या आवाजावर किती दिवस निभावणार? गिऱ्हाइकं गळायला लागली. मालकीणबाईंनी सगळ्यांना खालच्या मजल्यावर क्रेटवर बसवलं आणि म्हणाल्या, "मी येत्या रविवारी हॉल घेतलाय. सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. त्यांची अळीबद्दलची भीती गेली तर ठीक. नाही गेली, तर सोमवारपासून पुन्हा फवारणी सुरू."

"काही हरकत नाही बाई," मलमदादा म्हणाला. "फवारणी तर फवारणी!"

"तुम्हाला हरकत नाही ना? कारण फवारणी सुरू झाली की अळ्या जाणार, अळ्या गेल्या की तक्रारी जाणार, आणि तक्रारी गेल्या की तक्रारींची खोली रिकामी करून मी तिथे कांदे ठेवणार आहे."

मलमदादाच्या डोळ्यांसमोर आपल्या खुर्चीवर बसलेला कांदा आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणून मी ठरवलंय," बाई पुढे म्हणाल्या, "की रविवारी स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, तुम्ही जिवंत अळी तळहातावर घेऊन दाखवायची. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. घ्याल ना?"

सगळं गोदाम त्याच्याकडे बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "मलमदादा काय, खिशात घालून फिरेल!" लोक हसले. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की या माणसाचं तोंड त्याच्या ताब्यात राहत नसे.

"एक काय बाई, दोन घेतो! दोन्ही हातांवर!"

घरी येऊन तो सोफ्यावर आडवा पडला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"सराव करू," ती म्हणाली. नवशिक्यांना म्हणते तशीच.

पहिल्यांदा तिनं त्याच्या हातावर ओला दोरा ठेवला. त्यानं डोळे मिटून तो सहन केला. "छान," ती म्हणाली. मग तिनं उकडलेली नूडल आणली. एकच, गार झालेली, तीही अगदी आखूड. ती तळहाताला टेकली मात्र, मलमदादानं अशी काही किंकाळी फोडली, की शेजारच्या काकू उलथनं घेऊन दारात आल्या!

"काही नाही काकू, नूडल आहे," बायकोनं सांगितलं. काकू उलथन्यासकट परत गेल्या, पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

"माझ्यानं नाही व्हायचं," तो रडवेला होऊन म्हणाला. "माझ्या खुर्चीवर कांदे बसणार!"

बायको थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मी येते हॉलमध्ये. गिऱ्हाईक म्हणून बसते. तू फक्त विचार, कुणाला अळी हातावर घ्यायची आहे का. मी उठते, घेते, खाली बसते. तू बोलत राहा. बोलायला तर येतं ना?"

"तुला काही वाटणार नाही?"

"मला?" ती म्हणाली. "मला काय वाटायचंय!"

आणि ती कप विसळायला गेली. तो कप आधीच विसळलेला होता. पण मलमदादाला आनंदाच्या भरात असल्या बारीकसारीक गोष्टी कुठल्या दिसायला!

रविवारी हॉल भरला. स्टेज म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर टेबल, टेबलावर भाज्यांची आरास, शेजारी खुर्चीत मालकीणबाई. मलमदादानं कोबीतली एक लहानशी, अशक्त, गरीब स्वभावाची अळी गोदामातल्या माणसाकडून निवडून घेतली होती. ती एका काड्यापेटीत बंद होती आणि काड्यापेटी टेबलावर होती. शिवाय खबरदारी म्हणून त्यानं उजव्या हाताला पांढरं बँडेज गुंडाळलं होतं. बायको तिसऱ्या रांगेत, लांब बाह्यांचा शर्ट आणि काळा गॉगल घालून बसली होती. हॉलमध्ये गॉगल लावलेली ती एकटीच. पुढची दोन माणसं वळूनवळून बघत होती.

पहिल्या रांगेत मात्र संकट बसलं होतं. बरणीवाल्या आजी! या आजींच्या भाजीत अळी निघाली की त्या ती काचेच्या बरणीत पाला घालून ठेवायच्या आणि फोनवर मलमदादाला तिची हालहवाल कळवायच्या. 'तुमची अळी आज जेवली नाही.' 'तुमची अळी आज बरणीच्या झाकणाला लटकली.' ती बरणी आज त्यांच्या मांडीवर होती.

मलमदादा बोलायला उभा राहिला आणि काय बोलला! अळी बिचारी कशी शाकाहारी, कशी अबोल, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. एक काका चक्क डोळे पुसायला लागले. बाईंचा चेहरा फुलला. "तर अशी ही अळी," त्यानं शेवटी आवाज लावला, "कुणाला हातावर घेऊन बघायची आहे?"

बायको उठणार, एवढ्यात आजी कडाडल्या, "आधी तुम्ही घ्या की! ती प्रशस्तिपत्रकं फोनवर तुम्हीच वाटता ना!"

"घेतली असती हो आजी! पण हात भाजलाय, हा बघा."

"डावा आहे ना?"

हॉलमध्ये हशा पिकला. मलमदादानं डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू हा कुणाचा हात आपल्याला येऊन चिकटलाय. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मी घेते. मला आवड आहे."

गॉगलवाली बाई स्टेजवर आली. मलमदादानं सुटकेचा श्वास सोडला आणि बँडेजच्या हातानं काड्यापेटी उघडली.

काड्यापेटी रिकामी!

आता ती गरीब स्वभावाची अळी कुठे असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याच्या मानेला, पाठीला, कानामागे, सगळीकडे एकदम वळवळायला लागलं. तो जागच्या जागी असा काही हलला, की लोकांना वाटलं भाषणाचाच भाग आहे. कुणीतरी टाळीसुद्धा दिली.

"नसली तर नसू दे," आजी बरणी घेऊन स्टेजवर चढल्या. "ही घ्या. तुमच्याच कणसातली आहे. मी हिला चांगली पोसलीये."

पोसली होती यात शंका नाही! करंगळीएवढी जाड, हिरवीगार, पाठीवर पट्टे, अशी ती अळी आजींनी पानासकट उचलली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.

बायकोच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. तिनं हात उंच करून सगळ्यांना दाखवला. अळीनं डोकं वर केलं, दोन्हीकडे बघितलं आणि मनगटाच्या दिशेनं निघाली.

"बघा!" मलमदादाला अवसान चढलं. "किती निरुपद्रवी! कसं वाटतंय ताई?"

"छान," बायको म्हणाली. "जराशा गुदगुल्या होतात, बाकी काही नाही."

टाळ्या! अळी मनगट ओलांडून बाहीशी पोचली. क्षणभर थांबली आणि बाहीत शिरली. बायकांच्या रांगेतून "अगंबाई!" असा एकच उसासा निघाला. बायको हसत उभी. मलमदादा तिच्याकडे बघत होता, अभिमानानं त्याचा ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी त्याला खालून करकर असा आवाज ऐकू आला.

त्यानं खाली बघितलं. बायकोच्या उजव्या पायाचा चवडा स्टेजच्या फळीवर दाबलेला होता. असा दाबलेला, की फळी वाकत होती. आवाज फळीचा होता.

हा पाय मलमदादाच्या ओळखीचा होता! टपरी समोरून धावत येत होती तेव्हा हाच पाय असा दाबलेला त्यानं पाहिला होता. चेहरा शांत, आवाज शांत, 'छान, जरा डावीकडे', आणि पाय मात्र ब्रेकवर. घाबरली की तिचा चेहरा हलतच नसे, फक्त तो पाय दाबला जायचा. मटार सोलताना ती कायम टेबलाशी बसायची, पाय टेबलाखाली. तिथे त्यानं कधी बघितलंच नव्हतं! म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक शेंगेला, प्रत्येक वांग्याला?

बाहीतला उंचवटा कोपर ओलांडून दंडाकडे निघाला होता. बायको अजून हसत होती. गॉगलखालून एक थेंब गालावर उतरला.

त्यानंतर मलमदादानं जे केलं ते आपण कसं केलं, हे त्याला आजतागायत सांगता येत नाही. त्यानं दातांनी बँडेज ओढून काढलं, बायकोची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि चिमटीत अळी धरून उचलली. ती मऊ होती. गार होती. आणि वळवळत होती!

"अहो, तुमचा हात भाजलाय ना?" पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं.

"नाही भाजला!" मलमदादा ओरडला. आवाजातला सगळा मध आटला होता. राहिला होता तो नुसता थरथरणारा एक माणूस. "काही भाजलेलं नाही! मला अळीची भीती वाटते! किळस येते! मी फोनवर एवढं बोलतो ना, ते सगळं लांबून! आणि ही गिऱ्हाईक नाही, ही माझी बायको आहे! आणि हिलाही भीती वाटते! बघा, बघा तिचा पाय!"

अख्ख्या हॉलनं माना खाली घालून त्या पायाकडे बघितलं.

"म्हणजे," आजी सावकाश म्हणाल्या, "ठरवून आणलेलं माणूस? ही तर शुद्ध फसवणूक!"

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. मलमदादाला कांद्यांचा वास यायला लागला.

"हो आजी, फसवणूक," तो म्हणाला. "पण भाजी खरी आहे. एवढी भीती वाटते तरी आमच्या घरात हीच भाजी येते. ही अळ्या काढते आणि मी खातो. फवारणीची भाजी मागवा असं ही एकदाही म्हणाली नाही. घाबरत घाबरत निवडते, पण हीच निवडते. याहून जास्त मला काही सांगता येत नाही."

मग आजींनी घसा खाकरला.

"मला काय आवडतात होय अळ्या!" त्या म्हणाल्या. "मारायला जीव होत नाही, धरायला हात धजत नाही, म्हणून तर बरणीत ठेवते. आज चमच्यानं पान उचलायचं ठरवून आले होते, गडबडीत चमचा घरी राहिला. अजून हात थरथरतोय माझा!"

मग काय, बांधच फुटला! डोळे पुसणारे काका म्हणाले, आमच्याकडे भाजी मी निवडतो, पण पोहण्याचा चष्मा लावून. एक ताई म्हणाली, मी चिमट्यानं मटार सोलते. फवारणी मात्र कुणालाच नको होती. एवढे दिवस लोकांना वाटत होतं, की घाबरट आपण एकटेच, आणि कंपनीतले सगळे वाघ. आता तक्रार ऐकणारा माणूसही आपल्यासारखाच लटपटतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. काकांनी तर तिथल्या तिथे आठवड्याची भाजी वाढवून घेतली. "फवारणी रद्द!" मालकीणबाईंनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. "आणि मलमदादा, तुमची खोली तुमचीच!"

मलमदादानं हात जोडले. हात जोडताना त्याच्या लक्षात आलं, की दोन हातांच्या मध्ये अळी आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. किंकाळी बाहेर रस्त्यावर ऐकू गेली. अळी हवेत उडाली आणि नुकतीच फवारणी रद्द केलेल्या मालकीणबाईंच्या मांडीवर पडली. बाई खुर्चीसकट दारापर्यंत कशा गेल्या ते कुणीच पाहिलं नाही, इतक्या वेगानं गेल्या. आजींनी तेवढं अळीला पानावर घेऊन बरणीत घातलं आणि वर झाकण लावलं.

घरी परतताना गाडी बायकोच चालवत होती. मलमदादा तिच्या पायाकडे बघत होता.

"कधीपासून?" शेवटी त्यानं विचारलं.

"लहानपणापासून. तुझ्याहून जास्त."

"मग बोलली का नाहीस गं कधी?"

"आपण पहिल्यांदा एकत्र मटार सोलायला बसलो होतो, आठवतं? शेंगेतून अळी निघाली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तू आधी ओरडलास." तिनं सिग्नलला गाडी थांबवली. "एका गाडीत दोघांनी ओरडून कसं चालेल? एकानं ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागतं."

मलमदादा तिच्याकडे बघत राहिला. आपण जिला निर्भय समजून मिरवत होतो, ती तर आपल्याहून भित्री निघाली. आणि म्हणूनच आता ती त्याला आधीपेक्षा कितीतरी मोठी वाटायला लागली. ज्याला भीतीच नाही, त्यानं अळी काढली तर त्यात काय मोठंसं! त्यानं तिचा गिअरवरचा हात धरला.

"आजपासून भाजी मी निवडणार," तो म्हणाला. "तू पाय मोकळा सोडून बसायचं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! आज मी चिमटीत धरलीये. आता कसली भीती!"

घरी पोचताच त्यानं बाह्या सरसावल्या. कॉलीफ्लॉवर ओट्यावर ठेवला. दोन पावलं मागे सरकला, मग तिसरं. हात काही पुढे जाईना. मग त्यानं आपल्याला जे येतं तेच केलं. घसा साफ केला आणि फोनवरचा तो सगळ्यात मधाळ आवाज लावला.

"नमस्कार. आपण आत असाल, तर घाबरण्याचं काहीही कारण नाही. आम्ही आपला पूर्ण आदर करतो. आपण आपल्या सोयीनं, सावकाश बाहेर यावं, एवढीच नम्र विनंती."

खरं सांगायचं तर यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण त्या आवाजापुढे कोर्टात खेचणाऱ्या ताईसुद्धा विरघळल्या होत्या, तिथे अळीची काय कथा! कॉलीफ्लॉवरच्या दोन तुऱ्यांमधून एक हिरवं डोकं हळूच वर आलं आणि त्याच्याकडे बघायला लागलं.

"अगं!" मलमदादा फ्रिजला पाठ लावून किंचाळला. "अगं, आली! खरंच आली! लवकर ये!"

आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला, आणि बंद दारापलीकडून बायको शांतपणे म्हणाली,

"मी घरात नाहीये!"